आवरणे, दाबणे, वगैरे

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, शनिवार, दुपारचे चार.
मी एका स्पॅनिश क्रियापदापाशी अडले आहे.
रेप्रिमीर.

कागद एका जहाजावरच्या आचाऱ्याचे.
नाव एउसेबियो, राहणार कायाओ.
सात महिने पगार नाही म्हणून
अकराजण डेकवर नुसते बसून राहिले,
इथेच, भाऊच्या धक्क्यावरून दिसावं इतक्या अंतरावर.
पुढचं त्याने निळ्या पेनाने लिहिलंय,
तीन पानं, समास न सोडता.

दुबाश बाईंना सोमवारी सकाळी इंग्रजी हवंय.
"शब्दाला शब्द दे," त्या म्हणाल्या, "साहित्य नको."

शब्दकोश उघडला.
जांभई असेल तर स्टायफल,
हसू असेल तर होल्ड बॅक,
बंड असेल तर क्वेल,
वासना असेल तर रिप्रेस, आणि मग त्याचा वेगळा डॉक्टर.
इंग्रजीचं हे बरं असतं.
ती आधी विचारते, काय दाबायचंय?
मग त्या मापाचा हातमोजा काढून देते.

एउसेबियोकडे हातमोजे नाहीत.
पहिल्या पानावर तो लिहितो, मे रेप्रिमी.
कप्तान माझ्या आईवरून बोलला,
माझ्या हातात सुरी होती, कांदा चिरत होतो,
मी स्वतःला आवरलं.
तिसऱ्या पानावर, नोस रेप्रिमिएरोन.
आम्हाला. त्यांनी.
आधी पाण्याचा पाइप, मग त्या पाइपाचं तोंड.
धातू तोच.
व्याकरणातला म्हणतेय मी.

कंपनीच्या वकिलाने त्याच वाक्याचं
स्वतःचं भाषांतर आधीच जोडून ठेवलंय:
क्रू वॉज रिस्ट्रेन्ड.
जणू कुणी खांद्यावर हात ठेवून
बसा हो, म्हणालं.

अडलं की मी मराठीत पुटपुटते.
आपल्या तोंडातून गेल्याशिवाय
मला कुठल्याच भाषेतलं काही पटत नाही.
दाबलं.
राग दाबला. आवाज दाबला. प्रकरण दाबलं.
पुतण्याने काकांचे पाय दाबले, सात-बारा होईपर्यंत.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
ह्याला इंग्रजीत काय म्हणू, असं विचारलं
तर दुबाश बाई चष्मा काढून बघतील.

आणि आवरणे.
अण्णा गेले त्या दिवशी, डॉकयार्ड रोडच्या खोलीत,
आत्या आईला म्हणाली, "आवर आता."
आई उठली आणि तिने ओटा आवरला.
डबे पुसून उंचीप्रमाणे लावले.
अण्णांचे शर्ट, अण्णांचा रेडिओ, चपला वर्तमानपत्रात.
बायका बघत राहिल्या.
पुढे तेरा वर्षं आमचं घर
कधी पसरलेलं दिसलं नाही कुणाला.
ती रडली की नाही, मला माहीत नाही.
एवढंच, की अधूनमधून तिच्या हातून
एखादं झाकण निसटायचं,
फरशीवर गोल गोल फिरत राहायचं,
आणि ते थांबेपर्यंत ती हलायची नाही.

खाली कुणीतरी ट्रक मागे घेतोय.
मी दोन्ही पानांवर एकच शब्द ठेवला,
शब्दकोशात नसलेला:
आय हेल्ड मायसेल्फ डाउन.
दे हेल्ड अस डाउन.
इंग्रजी जरा लंगडतं आहे.
डॉक्टरच्या दाखल्यावरून
हल्ली एउसेबियोही लंगडतो.
दुबाश बाईंनी विचारलं तर हेच सांगेन,
किंवा सांगणार नाही, गप्प बसेन,
त्यालाही एक शब्द असेलच.

तांडेल किल्ल्या वाजवत दारात आला.
दिवे बंद करायचेत त्याला,
साडेपाचची उरणची लाँच गाठायचीय.
"मॅडम, आवरलं का?"

नाही, म्हटलं.
अजून एक पान आहे.